गतीचे देणे

मराठी आणि भूगोल हे विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने ताऱ्यांच्या चुंबकत्वावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. 'हा प्रांत विज्ञान शाखेचा!' असेही कोणी म्हणेल. पण मित्रमैत्रिणींनो, आकाशाला शाखा नसतात. शिवाय मी कुंभाराच्या घरची मुलगी आहे. जे स्वतःभोवती फिरते त्याच्याशी आमचे पिढ्यानपिढ्यांचे नाते आहे. त्या नात्याच्या बळावरच हे धाडस करीत आहे.

आमच्या घरात चाकाला देव मानतात. पूर्वीचे आमचे चाक जड होते. त्याच्या भोकात काठी घालून अण्णा ते गरगर फिरवायचे, काठी बाजूला टाकायचे आणि मिळालेल्या गतीत मडके उठवायचे. गती संपत आली की पुन्हा काठी. दिवसातून अशी शेकडो वेळा. माती कालवणे, त्यात राख आणि लीद मिसळणे, तुडवणे, ओले मडके थापटून मोठे करणे, भट्टी रचणे ही कामे आईची आणि आम्हा मुलींची. चाकाला मात्र बायकांनी हात लावायचा नाही, अशी घरची रीत. त्यामुळे लहानपणापासून मी चाक फक्त पाहत आले. आज वाटते, जे हाताला मिळत नाही ते डोळे अधिक नीट पाहतात.

दुसऱ्या वर्षाच्या भूगोलात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा भाग आला. आमच्या सरांनी शिकवता शिकवता एक वाक्य सहज टाकले : "सूर्यही चुंबक आहे, पण जे तारे वेगाने फिरतात, त्यांच्यापुढे तो अगदी शांत प्रकृतीचा." तास संपला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वेगाने फिरण्याचा आणि चुंबक असण्याचा काय संबंध? आमचे चाक कितीही फिरवले तरी त्याला टाचणी चिकटत नाही! मग ग्रंथालयातून मिळतील ती पुस्तके आणली, न कळलेले सरांना विचारले, आणि जे कळले ते आधी घरी सांगितले. माझे पहिले श्रोते अण्णा. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांवरच हा लेख उभा आहे.

प्रथम सूर्याविषयी. सूर्यावर काळे डाग दिसतात, हे दुर्बिणीच्या आरंभकाळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून माणसाला ठाऊक आहे. ते डाग सूर्यबिंबावरून सरकताना पाहून सूर्य स्वतःभोवती फिरतो हे कळले. विषुववृत्तापाशी त्याची एक फेरी सुमारे २५ दिवसांत पुरी होते, ध्रुवांकडे ३५ दिवसांच्या आसपास लागतात. घन चाकाचे असे होणार नाही; सूर्य वायूंचा आहे म्हणून त्याचे भाग वेगवेगळ्या चालीने चालतात. १८४३ साली श्वाबे या जर्मन निरीक्षकाने दाखवले की डागांची संख्या ठराविक काळाने वाढते आणि घटते. हे चक्र साधारण ११ वर्षांचे आहे.

डाग म्हणजे काय, हे मात्र १९०८ पर्यंत कोडेच होते. त्या वर्षी अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी डागांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. झीमन या डच शास्त्रज्ञाने १८९६ साली दाखवले होते, की प्रकाश जिथून निघतो तिथे प्रबळ चुंबकीय क्षेत्र असेल तर वर्णपटातील एक रेषा फुटून तिच्या अनेक रेषा होतात. हेल यांना डागांतील रेषा तशाच फुटलेल्या दिसल्या. म्हणजे डाग हे चुंबकाचे ठाणे ठरले. त्यातील क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट असते. सूर्याच्या पोटातून तप्त वायू उकळत्या पाण्यासारखा वर येत असतो. हे क्षेत्र त्या उकळीला जागीच दाबून धरते. खालची उष्णता वर पोहोचत नाही. आजूबाजूचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसचा, तर डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड. म्हणून तो काळा दिसतो. वेगळा काढून रात्रीच्या आकाशात ठेवला तर तोही लखलखेल!

हे वाचताना मला आईची आठवण झाली. चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही. त्याने उमटवलेल्या डागावरून ते ओळखायचे. बाजारात माठ बघणारा म्हणतो, "कुंभाराचा हात चांगला आहे." त्या माठाच्या पोटातला एकसारखा गोलावा थापटून थापटून आईने आणलेला असतो. ते कोणाला दिसत नाही. तिच्या तळव्यावरचे घट्टे पाहिले तर दिसेल.

आता फिरण्याचा आणि चुंबकाचा संबंध. सूर्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे त्रिज्येच्या साधारण वरच्या तीस टक्क्यांत, हा वायू सतत वरखाली होत असतो. हा वायू विद्युतवाहक आहे. वाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्रातून हलला की वीज निर्माण होते, आणि विजेमुळे पुन्हा चुंबकत्व. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व आपण शाळेत शिकलो आहोत. हा त्याचाच अजस्र भाऊबंद. यात दोन गोष्टी लागतात : पोटातली उकळी आणि स्वतःभोवतीचे फिरणे. उकळी क्षेत्राच्या रेषा वर ढकलते, फिरणे त्यांना ताणून पिळा देते. पिळा जितका अधिक, तितके क्षेत्र प्रबळ. आमच्या चाकाच्या पोटात उकळी नाही, म्हणून टाचणी चिकटत नाही!

मग अतिवेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचे काय होत असेल? दक्षिण आकाशातील डोराडो तारकासमूहात 'एबी डोराडस' नावाचा तारा आहे. तो आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वस्तुमानाने सूर्यापेक्षा थोडा कमी; पण तो आपली एक फेरी साडेबारा तासांहूनही कमी वेळात पुरी करतो. सूर्याचा एक फेरा होईपर्यंत त्याचे जवळजवळ पन्नास होतात! सूर्य डागांनी अगदी भरलेला असतो तेव्हाही डागांनी त्याच्या पृष्ठाचा एखाद्या टक्क्याहून कमी भाग व्यापलेला असतो. अशा वेगवान ताऱ्यांवर मात्र पृष्ठाचा मोठा हिस्सा काळवंडलेला असतो. सूर्याचे डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत राहतात. यांचे डाग थेट ध्रुवावर जाऊन बसतात.

इथे अण्णांनी पहिला प्रश्न विचारला : "एवढ्या लांबून डाग दिसतो व्हय?" प्रश्न रास्त आहे. दुर्बिणीतूनही असा तारा प्रकाशाचा ठिपकाच असतो. पण फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळ्याकडे, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे सरकतो. त्यामुळे वर्णपटातील रेषा रुंदावते, आणि त्या रुंदीवर ताऱ्याची एक कड इकडे तर दुसरी तिकडे अशी मांडली जाते. मधे डाग असेल तर तेवढ्या जागी रेषेत एक लहानसा उंचवटा उमटतो, आणि तारा फिरेल तसा तो उंचवटा रेषेच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. त्याच्या वाटेवरून डागाचे ठिकाण काढता येते. या रीतीने व्होग्ट आणि पेनरॉड यांनी १९८३ साली वृषभ राशीतील 'एचआर १०९९' या ताऱ्याचा डागांसह नकाशा प्रसिद्ध केला. भूगोलाच्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठे आश्चर्य कोणते? जिथे कोणी जाऊ शकत नाही, जो ठिपक्यापलीकडे दिसत नाही, त्याचाही नकाशा!

चुंबकीय रेषा पीळ खाऊन खाऊन तुटतात आणि पुन्हा जुळतात तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिला सौरज्वाला म्हणतात. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाने अशी ज्वाला डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. आणि त्या वादळाची नोंद आपल्या मुंबईतील कुलाबा वेधशाळेच्या चुंबकमापकांवर झाली. ती नोंद आजही जगातील अभ्यासक पाहतात. पुढे मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा त्यांचा उपद्रव मापनाला होऊ नये म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला नेण्यात आले, आणि तिथे ते अजून चालू आहे. मे २०२४ मधील मोठ्या चुंबकीय वादळात तर लडाखमधील हानले येथून आकाशातील लाली टिपली गेली. सूर्यासारख्या शांत ताऱ्याची ही कथा! २०१२ साली जपानी संशोधकांनी केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सूर्यासारख्याच इतर ताऱ्यांवर दहापट ते दहा हजारपट मोठ्या ज्वाला दाखवून दिल्या. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यांवर त्या वरचेवर होतात.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. वेग वाढत गेला म्हणून चुंबकीय खळबळ अमर्याद वाढत नाही. ताऱ्याच्या एकूण तेजाचा साधारण एक हजारांश भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडू लागला, की तिथे ती थबकते. त्यापुढे तारा कितीही गरगरो, खळबळ तेवढीच. धडपडीलाही एक शीग असते.

अण्णांचा दुसरा प्रश्न : "त्यास्नी काठी कोण लावतं?" मी सांगितले, कोणी नाही. वायूचा विस्तीर्ण ढग आकसून तारा बनतो. आकसताना त्याच्या मूळच्या मंद फिरण्याचा वेग आपोआप वाढतो. जन्माच्या वेळी जी गती मिळाली ती मिळाली. अण्णा म्हणाले, "खाली खुंटा न्हाई, घासायला काय न्हाई, मग थांबल कशाला? फिरतच राहील की." एका शब्दाचेही पदार्थविज्ञान न शिकलेल्या माणसाने अगदी नेमका मुद्दा काढला होता. घर्षण नाही, तरी तारे मंदावतात. का?

ते मंदावतात हे पुराव्याने सिद्ध आहे. कृत्तिका नक्षत्र आपण सारे ओळखतो. तो पुंज सुमारे बारा कोटी वर्षांचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अगदी तरुण. रोहिणीच्या तारकेभोवती दिसणारा पुंज साठ कोटींहून अधिक वर्षांचा. आणि आपला सूर्य ४६० कोटींचा, प्रौढ. अँड्रू स्कुमॅनिच यांनी १९७२ साली एका छोट्याशा निबंधात दाखवले, की सूर्यासारखे तारे वय वाढेल तसे एका साध्या नियमाने मंदावतात : वय चौपट झाले की फिरण्याचा वेग निम्मा. आणि वेगाबरोबर चुंबकीय खळबळही त्याच प्रमाणात उतरते. ही खळबळ मोजण्यासाठी वर्णपटातील कॅल्शियमच्या दोन रेषा उपयोगी पडतात. ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सनवर अनेक ताऱ्यांच्या या रेषा वर्षानुवर्षे मोजल्या आणि सूर्यासारखी चक्रे इतर ताऱ्यांवरही असतात हे दाखवले. याच विल्सन यांच्यासह आपल्या वेणू बाप्पूंनी १९५७ साली कॅल्शियमच्या रेषेची रुंदी आणि ताऱ्याचे खरे तेज यांचा संबंध मांडला होता. तो दोघांच्या नावांनी ओळखला जातो.

आता मंदावण्याचे कारण. सूर्यापासून सतत विद्युतभारित कणांचा वारा वाहतो; सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक द्रव्य त्यातून निघून जाते. सूर्याच्या मानाने हे काहीच नाही. पण हे कण सुटे निघत नाहीत. चुंबकीय रेषा त्यांना धरून ठेवतात आणि ताऱ्याबरोबर फिरवत फिरवत फार दूरवर नेऊन मग सोडतात. अण्णांना मी चाकावरचे उदाहरण दिले : फिरत्या चाकाच्या मधला मातीचा गोळा कडेकडे सरकवला तर चाक मंदावते, आणि तो कडेवरून उडून गेला तरी गेलेली गती परत येत नाही. चुंबकीय रेषा हेच करतात. एव्री शात्झमान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६२ साली हा विचार मांडला. म्हणजे पाहा : फिरण्यातून चुंबकत्व जन्मते, आणि तेच चुंबकत्व फिरण्याला लगाम घालते. ताऱ्याच्या वेगातच त्याच्या विसाव्याचे बीज असते!

आणि हे होते म्हणूनच आपण आहोत. तरुणपणी सूर्यही वेगाने फिरत होता. त्याचे क्ष-किरण आजच्या शेकडो पट होते. तो तसाच राहिला असता, तर पृथ्वीवरील जीवांना हे उबदार अंगण लाभले असते का?

या सगळ्याला एक अपवाद आहे. काही तारे जोडीने जन्मतात आणि एकमेकांच्या अगदी जवळून फिरतात. ते भरतीच्या ओढीने एकमेकांना बांधून घेतात. परस्परांभोवतीच्या फेरीला लागेल तितक्याच वेळात स्वतःभोवतीही फिरतात. वाऱ्याने गती नेली तरी जोडीच्या फेरीतून ती भरून निघते. म्हणून असे तारे म्हातारपणीही वेगवान आणि डागाळलेले असतात. वर सांगितलेला एचआर १०९९ हा अशाच जोडीतला. त्याची फेरी तीन दिवसांहून कमी. हे ऐकून आई पहिल्यांदा बोलली. ती अण्णांकडे न बघता म्हणाली, "म्हंजी आपल्यावाणीच की."

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. तीन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा खांदा धरला. काठी फिरवून फिरवून तो झिजला होता. माझा दादा तेव्हा बारावी झाला होता. त्याला पुढे शिकायचे होते. तो चाकणला कारखान्यात लागला. त्याच्या पगारातून विजेवर चालणारे चाक घरात आले आणि माझी कॉलेजची फी भरली गेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. 'पहिली' हा शब्द लोक कौतुकाने उच्चारतात. मला तो ऐकताना दादा आठवतो. पहिला तो होणार होता.

यंदा दिवाळीनंतर मला एक स्थळ आले. मुलगा नोकरीवाला, माणसे बरी. थोरले चुलते म्हणाले, "दोन वर्षं शिकली, पुष्कळ झालं. आणखी शिकली तर तेवढा शिकलेला नवरा हुडकावा लागंल." त्यांचा राग नाही, त्यांच्यापरीने ते हिशेबच मांडत होते. घरात कोणी काही बोलेना. मग अण्णा म्हणाले, "पोरीचं चाक आत्ता कुठं गतीला आलंय. फिरत्या चाकात मधीच हात घातला तर मडकंबी जातं आन् मातीबी. तिसरं वरीस होऊ द्या." कुंभारासमोर कुंभार यापुढे काय बोलणार? चुलते चहा पिऊन गेले. स्थळही गेले. तिसऱ्या वर्षानंतर काय, हा प्रश्न मात्र तिथेच आहे. तो पुढच्या दिवाळीत परत येईल हे मला ठाऊक आहे.

ताऱ्यांचे हे शास्त्र वाचून मला समाधान मिळाले, असे म्हणता येणार नाही. उलट एक काळजी लागली. शास्त्र सांगते की गती नाहीशी होत नाही. ताऱ्याने गमावलेली गती वाऱ्याने नेलेली असते. अण्णांच्या खांद्यातून, आईच्या तळव्यांतून, दादाच्या राहून गेलेल्या शिक्षणातून जी गती गेली, ती कुठेतरी असणारच, आणि ती माझ्यात आहे असे मानायला मला आवडते. पण ताऱ्याचा वारा ती गती घेऊन कुठे जातो? रिकाम्या अवकाशात! तिचे पुढे काही घडत नाही. घरादाराने आपली गती दिली म्हणजे मुले आपोआप मोठी होतात, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. तो नियम आपल्यालाच करावा लागतो आणि पाळावाही लागतो.

आमच्या गावापासून जवळ जेऊर हे रेल्वेचे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया तिथून गेली. अमेरिकेतून वेधकर्ते आले होते, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी नाएगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन आले होते. सूर्याभोवतीचा जो प्रभामंडल त्या दिवशी त्यांनी पाहिला, त्याचे रूप चुंबकीय रेषाच घडवतात, हे आज आपल्याला कळले आहे. नाएगमवालांची पुण्यातील वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची यंत्रे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेला गेली. एका ठिकाणी थांबलेले काम दुसऱ्या ठिकाणी चालू राहिले. हा वारा रिकाम्यात गेला नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या आभाळाखाली हे घडले, पण आमच्या घरात त्याची कोणालाच वार्ता नव्हती. ती मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळली आणि मी ती घरी सांगितली. एवढे तरी माझ्या हातून झाले.

विजेच्या चाकाला काठी लागत नाही. गेल्या संक्रांतीला सुगड्यांची मागणी फार होती आणि अण्णांचा खांदा दुखत होता. तेव्हा मी चाकावर बसले. कोणी 'बस' म्हटले नाही, कोणी 'ऊठ' म्हटले नाही. पहिली आठ-दहा सुगडी वेडीवाकडी झाली. नंतरची विकली गेली. एकोणीस वर्षे नुसते पाहिलेले हातात उतरायला एक दुपार पुरली.

तारा आपली गती कोणाला द्यायची हे ठरवू शकत नाही. माणूस ठरवू शकतो. अण्णांनी ठरवले, दादाने ठरवले. आता पाळी माझी आहे. जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरणार आहे. आणि दादासाठी मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक आणून ठेवले आहे. रात्रपाळी करूनही शिकता येते, असे सर म्हणाले. तो काय म्हणेल ते माहीत नाही. पण आम्ही जोडीने फिरू लागलो, तर दोघांचीही गती टिकेल.